अमेरिकेत नोकरी गेल्यावर अनएम्प्लॉयमेंट क्लेम : तुमचे अनुभव लिहा

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली. चौदा वर्षं एकाच कंपनीत, आणि पंधरा मिनिटांच्या कॉलवर सगळं संपलं. नवरा म्हणाला, आजच अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे सरकारी बेकारी विम्याच्या पैशांचा, क्लेम टाक. माझं मनच होईना. सरकारपुढे हात पसरल्यासारखं वाटत होतं. तीन आठवडे तशीच बसून राहिले.

मग एका रात्री जुन्या पे-स्टबची (पगाराच्या पावत्यांची) फाइल काढली. प्रत्येक पगारात 'एनजे एसयूआय' (न्यू जर्सी राज्याचा बेकारी विमा) नावाची बारीकशी कपात. इतकी वर्षं ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. बहुतेक राज्यांत हा विम्याचा कर फक्त कंपनी भरते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का इथे कामगाराच्या पगारातूनही जातो. म्हणजे हा हप्ता मीही भरत आले होते! दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेम टाकला. तो धरला गेला त्या आठवड्याच्या रविवारपासून. उशिराला सबळ कारण नसेल तर मागचे आठवडे सहसा मिळत नाहीत. माझे तीन गेले ते गेलेच. इथे न्यू जर्सीत सरासरी आठवडी पगाराच्या 60 टक्के मिळतात आणि 2025 साली कमाल मर्यादा 875 डॉलर होती. आमचं घराचं कर्ज त्यावर तरलं.

आपल्या लोकांत हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून हा धागा. राज्य जरूर लिहा, नियम राज्यागणिक बदलतात.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
इथे आठवड्याला जास्तीत जास्त 450 डॉलर. बे एरियात तेवढ्यात भाडंही निघत नाही, पण किराणा आणि गाडीचा इन्शुरन्स निघाला. पहिला आठवडा बिनपैशाचा. पुढे दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करायचं, म्हणजे त्या आठवड्यांत कामाला उपलब्ध होतो का आणि किती कमावलं ते कळवायचं.

मी शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवत होतो, आठवड्याचे 120 डॉलर. ते लिहायचे की नाही, असा प्रश्न पडला होता. लिहिले. 25 डॉलर किंवा कमाईचा पाव हिस्सा, यातलं जे जास्त ते सोडून देतात. माझे 30 सुटले, 90 वजा झाले, 360 मिळाले. एक लक्षात ठेवा: काम ज्या आठवड्यात केलं त्याच आठवड्यात दाखवायचं, पैसे नंतर हातात पडले तरी.

मिडवेस्ट, एच-वन-बी (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा)
माझा क्लेम नामंजूर झाला. 'काम मिळालं तर लगेच घ्यायला मोकळा आहे' ही अट असते आणि आपला परवाना त्या एका कंपनीला बांधलेला. 60 दिवसांत नवी कंपनी शोधणं हेच काम. पुढे बायकोची नोकरी गेली. ती एच-फोर ईएडीवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा, एका कंपनीला न बांधलेला कामाचा परवाना), तिचा क्लेम मंजूर झाला. त्यामुळे आपल्याला मिळतच नाही असं घरातल्या सगळ्यांसाठी धरून चालू नका.

नाव नको
बाबांचं ऑपरेशन निघालं, सांगलीला गेलो. तिथून बहिणीच्या लॅपटॉपवर सर्टिफाय केलं. 'कामाला उपलब्ध होता का?' या प्रश्नाला सवयीने 'हो' दाबलं. चूक माझीच. तीन आठवड्यांचे पैसे परत भरले. खरं सांगितलं असतं तर तेवढे आठवडे नुसते मिळाले नसते. क्लेममधली ती न वापरलेली रक्कम, क्लेमचं वर्ष संपायच्या आत, परत आल्यावर वापरता आली असती.

टॅक्सबद्दल
या पैशांवर फेडरल टॅक्स लागतो, जानेवारीत 1099-जी (वर्षभरात मिळालेल्या या पैशांचा टॅक्ससाठीचा फॉर्म) येतो. क्लेम टाकतानाच 10 टक्के कापून घ्यायला सांगा. 2020 च्या उत्पन्नात 10,200 डॉलरपर्यंत सूट होती, ती फक्त त्या एका वर्षापुरती.

अपील केलेली
कंपनीने कळवलं की मी स्वतःहून नोकरी सोडली. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा स्वयंपाकघरातच खाली बसले. पत्राच्या मागच्या पानावर अपिलाची मुदत होती. मैत्रीण म्हणाली, "अगं, अपील कर आणि सर्टिफाय करणं एक आठवडाही सोडू नकोस. जिंकलीस तर जे आठवडे मागितलेस तेच मिळतील." हा सल्ला मला सोन्याहून मोलाचा ठरला.

सुनावणी फोनवर झाली. डायनिंग टेबलावर कागद तारखेप्रमाणे मांडले होते, धाकट्याला शेजारी पाठवलं होतं. शपथ घेताना आवाज कापत होता. मी मॅनेजरचा ई-मेल वाचून दाखवला: शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस. अधिकाऱ्यांनी कंपनीच्या बाईंना विचारलं, "राजीनाम्याचं पत्र आहे का?" नव्हतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. अकरा आठवड्यांचे पैसे एकदम जमा झाले. त्याच संध्याकाळी घरमालकाचं थकलेलं भाडं देऊन आले.