वय 44, प्लंबिंगचं काम येतं पण कागद नाही. आता पुढचं शिकावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकला असतो, धंदा प्लंबिंगचा. दहावी झाल्या झाल्या मामांबरोबर कामाला लागलो, तेव्हा सगळं जीआयचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांचं काम होतं, डायनं आटे पाडायचे, सफेदा नि ताग गुंडाळून जॉइंट आवळायचा. मग सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप आला, भिंतीत झाकलेलं कन्सील फिटिंग आलं, डायव्हर्टर, वॉल हंग कमोड, प्रेशर पंप, सोलर, सगळं साइटवरच बघून-विचारून शिकलो. आज हाताखाली दोन पोरं आहेत, बंगले, रो-हाऊस आणि काही सोसायट्यांचं मेंटेनन्स असतं. देवाच्या दयेनं कामाला तोटा नाही.

प्रश्न असा की या वयात रीतसर शिक्षण घ्यावं का. घरात दोन मतं आहेत आणि माझं स्वतःचं अजून ठरत नाहीये म्हणून इथे विचारतोय, जरा मोठं लिहितोय, समजून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात एका उंच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांच्या सारख्या तक्रारी, गिझरचे कनेक्शन पाइप फुटतायत, कमोडच्या टाकीतला व्हॉल्व टिकत नाही. मी बघताक्षणी सांगितलं की वरच्या टाकीचं पाणी सरळ खाली येतंय, खाली प्रेशर फार बसतंय, पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व टाकावे लागतील. कमिटीवाले म्हणाले बरोबर असेल, पण प्रेशर किती, कुठल्या मजल्यापासून टाकायचे, ते लिहून द्या. ते काही मला देता येईना. मग कन्सल्टंट बोलावला, त्यानं माझ्यासमोरच कागदावर मांडलं, दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप), एक मजला तीन मीटरचा, म्हणजे वीस मजले खाली आलं की सहा बार, आणि घरातल्या नळाला दोन-तीन बार पुष्कळ झाले. उपाय मी म्हटला होता तोच. फी त्याला मिळाली, पीआरव्ही बसवायची मजुरी मला. त्या माणसाचा राग नाही आला मला, खरंच नाही, त्यानं नीट समजावून सांगितलं. पण इतका सोपा हिशेब इतकी वर्षं आपल्याला कुणी सांगितला नाही याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. नाहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीखाली गटाराचा वास अडवणाऱ्या वाटीत, दोन इंच पाणी का उभं राहायला पाहिजे, वरून फ्लश केला की खालच्या बाथरूममधलं ते पाणी ओढलं का जातं आणि व्हेंट पाइप, म्हणजे हवा आत घेणारा पाइप दिला की का थांबतं, हे मी मुलीच्या फिजिक्सच्या पुस्तकाशी ताडून बघितलं तर सगळं हवेच्या दाबाचं आहे. सीपीव्हीसीचंही तसंच, पाइपावर छापलेलं प्रेशर हे साध्या तापमानाचं असतं, एसडीआर 11 चा पाइप (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 11 पट) गार पाण्याला 27 बारपर्यंतचा असला तरी 82 अंशांच्या पाण्याला तोच जेमतेम 7 बारवर येतो. सोलरच्या लाइनला स्वस्तातला पातळ पाइप मारणाऱ्यांना मी नेहमी अडवत आलोय, पण का ते आता कळलं. हे कळायला लागलं की इतकं बरं वाटतं की काय सांगू, अजून शिकावंसं वाटतं.

दुसरं कारण गुडघे. उकिडवं बसून काम, डक्टमध्ये चढणं, हे अजून दहा वर्षं असंच जमेल असं वाटत नाही. सुपरव्हिजनकडे वळायचं तर ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे. मोठ्या साइटवर ओडिशाकडची पोरं असतात, केंद्रापाडा भागातली, तिकडे पट्टामुंडईला प्लंबिंगची सरकारी इन्स्टिट्यूटच आहे, त्यातली काही पोरं माझ्या निम्म्या वयाची आणि आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे पाइपांचं तिन्ही बाजू दाखवणारं तिरकं चित्र, हातात घेऊन बोलतात. कौतुक वाटतं त्यांचं.

मी चौकशी केली ती अशी. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा, वयाला वरची अट नाही, पण रोज जायचं म्हणजे धंदा बंद, आणि मुलगी यंदा बारावीला आहे, तिच्या पुढच्या फीचे पैसे उभे करायचेत. कौशल्य विकास योजनेतलं आरपीएल म्हणजे आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, त्याला वेळ कमी लागतो. तिसरं महापालिकेचं प्लंबर लायसन्स, नवीन नळ कनेक्शनच्या अर्जावर परवानाधारक प्लंबरचीच सही लागते, आत्ता त्या सहीसाठी मी दुसऱ्याकडे जातो. विश्वकर्मा योजनेचंही बघितलं, त्यातल्या 18 व्यवसायांत प्लंबर नाहीच.

बायको म्हणते शिका, मी दुपारचे डबे वाढवते, वर्षभर निभावून नेऊ. मेहुणे म्हणतात चाळिशीनंतर कागद कोण बघतंय, त्यापेक्षा ते पैसे फिटिंगच्या दुकानात घाला. दोघंही माझ्या भल्याचंच बोलतात.

तर कुणी चाळिशीनंतर असं केलंय का? आरपीएलला बिल्डर किंवा कन्सल्टंट लोक किंमत देतात का, की आयटीआयच पाहिजे? आणि हिशेब नि ड्रॉइंग हे धंदा चालू ठेवून संध्याकाळी कुठे शिकता येतं?

प्रतिसाद
दादा, मी एमईपी (इमारतीतली एसी, वीज आणि प्लंबिंगची कामं) कन्सल्टन्सीत आहे, पुण्याला. स्पष्ट सांगते, आमच्याकडे सुपरव्हायझर घेताना सर्टिफिकेट फाइलला लागतं, पण माणूस निवडला जातो तो ड्रॉइंग पुढे ठेवल्यावर. तुम्ही आधी ड्रॉइंगच शिका. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 चा भाग 9 प्लंबिंगचा आहे, आणि पाणीपुरवठ्याला आयएस (भारतीय मानक) 2065, ड्रेनेजला आयएस 1742. इंग्रजी जड जाईल पण त्यातले तक्ते तुम्हाला आमच्या नवीन इंजिनीअरपेक्षा लवकर कळतील कारण तुम्ही ते पाइप हाताळलेत. रोज एकच तक्ता घ्या, फिक्श्चर युनिटपासून सुरुवात करा, म्हणजे कुठल्या लाइनला किती नळ आणि त्यावरून पाइपाची साइज. मुलीला शेजारी बसवा.

प्रतिसाद
मी आयटीआयला शिकवतो. वर्गात तुमच्या वयाची माणसं येतात, कमी येतात पण येतात, आणि पोरांना त्यांचा फार उपयोग होतो. आरपीएल आणि आयटीआय यांची तुलना करू नका, आरपीएल तुम्हाला जे येतं त्याचा दाखला देतं, नवीन फारसं शिकवत नाही. अनुभवी कामगाराला रोज वर्गात न बसता खाजगी उमेदवार म्हणून ट्रेड टेस्ट देण्याचीही सोय असते, त्याच्या अटी जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये प्राचार्यांना भेटून विचारा, एजंटकडे अजिबात जाऊ नका. पुढे शिकवायची इच्छा झाली तर इन्स्ट्रक्टरचा सीआयटीएस कोर्स आहे, त्याला मात्र आधी ट्रेडचं सर्टिफिकेट लागतं.

प्रतिसाद
लायसन्सचं आधी बघा असं मी म्हणेन. माझ्या भावाकडे आहे, नळ कनेक्शनची कामं घरबसल्या येतात. फक्त ते त्या त्या महापालिकेपुरतं असतं आणि शिक्षणाची अट सगळीकडे सारखी नाही. दुकानात पैसे घालू नका हो, उधारीत माल जातो आणि वसुलीला फिरावं लागतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवला, मुलगी रविवारी बसायला तयार आहे. सर, खाजगी उमेदवाराचं मला माहीतच नव्हतं, तसं जमलं तर धंदा बंद करावा लागणार नाही, सोमवारी सातपूरच्या आयटीआयला जाऊन येतो. मेहुण्यांनाही धागा वाचायला दिलाय.

एकच अजून विचारतो. अनुभवाचा पुरावा म्हणून काय चालतं? माझी बहुतेक कामं तोंडी बोलीवर झालेली आहेत, पॉइंटच्या रेटनं, पक्की बिलं कमी. ज्या सोसायट्यांचं मेंटेनन्स करतो त्यांच्या लेटरहेडवर सेक्रेटरींची सही घेतली तर धरतील का, की ठेकेदाराचंच पत्र लागतं? ज्यांनी खाजगी उमेदवार म्हणून ही परीक्षा दिलीये त्यांनी कृपया सांगा.