जगात सगळ्यात जास्त बौद्ध कुठं हायेत? पैज लागलीय

परभणीचा_पोरगा
जयभीम मंडळी. काल अभ्यासिकेत तिघांचा वाद लागला, मी छातीठोक म्हणलं भारतात, बुद्ध इथलाच ना मग, दुसरा म्हणला श्रीलंका, तिसरा जपानवर अडून बसला. सहा कप चहाची पैज हाय, लवकर सांगा.

लेणीवाला
२०१० च्या अंदाजानं तरी चीन भाऊ. प्यू म्हणून अमेरिकेतली एक संशोधन संस्था हाय, तिचा तो अंदाज बघ, तेव्हा जगात ४८-४९ कोटी बौद्ध अन त्यातले निम्मे एकट्या चीनमध्ये, मग थायलंड साडेसहा कोटीच्या आसपास, मग जपान, म्यानमार. पण टक्क्यानं बघितलं तर चीन १८ टक्क्यांवर येतं अन कंबोडिया, थायलंड नव्वदच्या वर, श्रीलंका ७०. परीक्षेत संख्या इचारली का प्रमाण ते आधी वाचत जा, पोरं तिथंच पडतेत. जपानची तर गंमतच, तिथं शिंतो अन बौद्ध मिळून बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या वर जाती, एकच माणूस दोन्हीकडं मोजलेला.

नांदेडची_ताई
आपलं पण सांगा की. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. लडाख, सिक्कीमकडचे पिढ्यान्‌पिढ्याचे बौद्ध, आपण १९५६ च्या दीक्षेनंतरचे. अन खरा आकडा याच्याहून जास्तच असणार असं मला वाटतं, आमच्या शेजारच्या काकूंनी धर्म हिंदूच सांगितला, का तर म्हणे सवलत जाती. आवो काकू, १९९० लाच कायदा बदलला, बौद्धांना अनुसूचित जातीची सवलत तेव्हापासून हाय!

लेणीवाला
बरोबर ताई. एक सांगतो, मागं अजिंठ्याला २६ नंबरच्या लेणीत थायलंडचा ग्रुप आला होता, झोपलेल्या बुद्धाच्या त्या लांबलचक मूर्तीपुढं सगळे हात जोडून खाली बसले अन म्हणायला लागले, इतिपि सो भगवा... चाल येगळीच, ओढून ओढून, पण शब्द आपल्या विहारातलेच, पाली ना शेवटी. माझी आई बाजूला उभी होती, तिनं पुढची ओळ धरली. त्यातली एक म्हातारी वळून बघायलीच, मग आईचा हात धरून बसली, भाषा कुणाची कुणाला कळंना.

परभणीचा_पोरगा
भारी राव. पण चीन तर तिघांपैकी कुणीच म्हणलं नव्हतं, मग चहा कोण पाजणार?

नांदेडची_ताई
दोन दोन कप वाटून घ्या 😄