१६ वर्षांची स्थिर नोकरी सोडून अध्यापनाकडे वळावे का?

प्रश्न

नमस्कार. गेली १६ वर्षे मी विमा क्षेत्रात मालमत्तेच्या नुकसानीचे दावे तपासण्याचे काम करतो. नोकरी स्थिर आहे, वरिष्ठ समंजस आहेत आणि कामाचे तासही अवाजवी नाहीत; त्यामुळे आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हेच मला बराच काळ उमगत नव्हते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आगीत जळालेल्या एका शिलाई यंत्राच्या दाव्याची फाइल आली. सोबतच्या छायाचित्रात लाकडी टेबलाचा कोळसा झालेला दिसत होता, पण यंत्राच्या चाकाशी अडकलेली कापडाची किनार तशीच शाबूत होती. यंत्र ९ वर्षे जुने असल्याने नियमाप्रमाणे मी घसारा वजा केला, शेरा लिहिला आणि पुढची फाइल उघडली. निर्णयात चूक नव्हती. मात्र त्या रकमेतून त्या व्यक्तीला दुसरे यंत्र घेता आले की नाही, हे मला कधी कळले नाही आणि ते कळण्याची सोयही आमच्या कामात नाही.

त्याच सुमारास मी दर शनिवारी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचन शिकवण्यासाठी जाऊ लागलो. ११ वर्षांची एक मुलगी ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत सतत गल्लत करत असे. वाळूच्या तबकात बोटाने अक्षर गिरवायचे आणि त्याच वेळी मोठ्याने उच्चार करायचा, असे तीन महिने आम्ही या चार अक्षरांवरच होतो. एका शनिवारी तिने ‘धर’ लिहिले, ती थांबली, मी काहीही न सांगता तिने ‘ध’च्या डोक्यावरची गाठ पुसून शिरोरेघ सलग ओढली आणि ‘घर’ असे वाचून दाखवले.

मी आता ४१ वर्षांचा आहे. विशेष शिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करून हेच काम पूर्णवेळ करावे, असे मनापासून वाटते. उत्पन्न बरेच घटेल. पत्नीचा विरोध नाही, पण तिच्या डोळ्यांत काळजी दिसते. ही खरी ओढ आहे की केवळ कामाचा थकवा, हे कसे ओळखावे? आणि ज्यांनी असा बदल केला, त्यांना पुढे काय अनुभव आला?

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न वाचताना मला वाटले की त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या सोडवून घेतल्याशिवाय निर्णयाकडे जाऊ नये.

पहिली गोष्ट थकव्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या अतिथकव्याची व्याख्या स्पष्ट केली, तेव्हा त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हा आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, असेही त्या संघटनेने म्हटले आहे. तुमच्या लेखनात मला यातले दुसरे लक्षण थोडेसे दिसते, बाकीची दोन दिसत नाहीत. थकलेला माणूस शनिवारी आणखी एक काम अंगावर घेऊन ते महिनोन्‌महिने निभावत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तुम्हाला फाइलचा कंटाळा आलेला नाही. फाइलपलीकडचा माणूस दिसत नाही, याची तुम्हाला खंत आहे. अ‍ॅडम ग्रँट या अभ्यासकाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच मिनिटे भेट घडवली गेली. महिनाभरानंतर हे कर्मचारी दूरध्वनीवर पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ देत होते. काम तेच होते, पगार तोच होता. आपले काम कोणापर्यंत पोहोचते, एवढेच त्यांना दिसले होते. म्हणून मी सुचवेन की सध्याच्या कार्यालयातच दावेदारांशी प्रत्यक्ष बोलण्याची, जागेवर जाऊन पाहणी करण्याची जबाबदारी मागून पाहा. सहा महिन्यांत मन निवले, तर प्रश्न व्यवसायाचा नव्हता, खुर्चीच्या जागेचा होता. नाहीच निवले, तर तेही तुम्हाला ठामपणे कळेल.

तिसरी गोष्ट ओढीची, आणि ती घरी बसून विचार करून ओळखता येत नाही. मध्यवयात व्यवसाय बदलणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या हर्मिनिया इबारा यांचे म्हणणे मला पटते: आधी स्वतःला पूर्ण ओळखायचे आणि मग पाऊल टाकायचे, हा क्रम प्रत्यक्षात क्वचितच चालतो, छोट्या प्रमाणात काम करून पाहताना आपण कोण आहोत हे हळूहळू कळत जाते. तुमचे शनिवार हेच करत आहेत. ते आठवड्यातून तीन दिवस करता येतील का, अर्धवेळ नोकरी किंवा बिनपगारी दीर्घ रजा मिळेल का, याची चौकशी राजीनाम्याच्या आधी करावी.

प्रतिसाद २

मी १२ वर्षांपूर्वी हिशेबतपासणीचे काम सोडून विशेष शिक्षिका झाले. मला पश्चात्ताप नाही, पण दोन गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते.

तुम्ही वर्णन केलेली वाळूच्या तबकाची पद्धत मी रोज वापरते. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांना एकाच वेळी कामाला लावणाऱ्या अशा अध्यापनाचा पाया सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात घातला. तिच्यात पुनरावृत्ती फार असते. तुम्हाला शनिवारी एक मुलगी भेटते आणि तिची शिरोरेघ जुळते; पूर्णवेळ कामात आठवड्याला १८ ते २० मुले असतात, त्यांतल्या काहींची महिन्याभरात एक रेघही पुढे सरकत नाही आणि प्रत्येकाचा प्रगती अहवाल मात्र लिहावाच लागतो. मी कागदपत्रांपासून पळून आले आणि कागदपत्रांतच बसले, असे पहिल्या वर्षी मला अनेकदा वाटले. म्हणून विनंती आहे की शनिवार सोडून एखाद्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एखाद्या शिक्षिकेसोबत बसा आणि शेवटच्या दोन तासांत, पालक वाट पाहत असताना आणि मूल रडत असताना, आपले मन कुठे असते ते पाहा.

दुसरी गोष्ट सांगताना मला आजही त्रास होतो. बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील रक्षकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना आपले काम हे जीवितकार्य वाटत होते, त्यांना त्यात खोल अर्थ सापडत होता, पण तेच लोक कामासाठी पैसा, वेळ आणि सुखसोयींचा त्याग करायलाही अधिक तयार होते; व्यवस्थापन आपल्या निष्ठेचा गैरफायदा तर घेत नाही ना, अशी शंकाही त्यांच्या मनात असे. माझ्या पहिल्या संस्थेत मी दोन वर्षे ठरलेल्यापेक्षा जवळजवळ दीडपट तास काम केले, कारण मुलांचा विषय निघाला की मला नाही म्हणता येत नसे. तेव्हा वेतन, तास आणि रजा लेखी ठरवून घ्या, आणि ते मागताना संकोच करू नका.

प्रतिसाद ३

स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञाने मोठ्या निर्णयावर अडून बसलेल्या हजारो लोकांना नाणेफेक करायला लावली होती. नाण्याने बदलाचा कौल दिला, त्यांतल्या अधिक जणांनी खरोखरच बदल केला आणि सहा महिन्यांनंतर बदल करणारे लोक, यथास्थिती राखणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी असल्याचे दिसले. यावरून उद्याच राजीनामा द्यावा असे मी म्हणत नाही. मात्र दोन वर्षे घोळत राहिलेला विचार आपोआप विरून जाईल, या आशेवर आणखी पाच वर्षे घालवू नयेत. पत्नीची काळजी आकड्यांत मांडून पाहा: घरखर्च, मुलांचे शिक्षण, आजारपणाची तरतूद आणि अभ्यासक्रमाचा काळ धरून किती महिने बचतीवर निघतील. ते गणित तुम्ही एकट्याने करू नका, दोघांनी एकत्र बसून करा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद वाचून झाल्यावर पत्नीसोबत वही घेऊन बसलो. सध्याच्या बचतीत १४ महिने निघतात. अभ्यासक्रम त्याहून लांबीचा आहे, म्हणजे काही काळ तरी अर्धवेळ काम लागणारच. जागेवर जाऊन पाहणी करण्याच्या कामासाठी वरिष्ठांना विचारले आहे, त्यांचे उत्तर यायचे आहे. पुढच्या मंगळवारी रजा टाकली आहे. वर्गातील शिक्षिकांनी दिवसभर बसण्याची परवानगी दिली, मात्र त्या दिवशीचे चार प्रगती अहवाल मीच लिहायचे, अशी त्यांची अट आहे आणि ती मी मान्य केली आहे.