शब्दचर्चा : नोंदणी, परवाना की जप्ती? युद्धकाळातले बंदुकांचे कायदे

प्रश्न : महायुद्धांच्या काळातल्या बंदुकांच्या कायद्यांवर मराठीत लिहितेय. संदर्भांत 'रजिस्ट्रेशन', 'लायसन्स' आणि 'सर्टिफिकेट' असे तीन शब्द येतात. बातम्यांमध्ये तिन्हींना सर्रास 'परवाना' म्हणतात. तसंच चालवू का?

उत्तर : नको, वेगळेच ठेवा. नोंदणी वस्तूची होते, परवाना माणसाला मिळतो. नोंदणीत सरकार विचारतं, तुझ्याकडे काय आहे? परवान्यात ठरवतं, ते तू बाळगायचं की नाही.

कॅनडात पिस्तुलांची नोंदणी 1934 पासून होती, रायफली आणि शॉटगन तिच्याबाहेर होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांचीही नोंदणी सक्तीची झाली आणि युद्धानंतर ती बंद केली. इथे 'परवाना' लिहिलंत तर घरातली जुनी रायफल ठेवायला प्रत्येकाला नव्याने परवानगी काढावी लागली, असं वाचणाऱ्याला वाटेल.

अमेरिकेत तर सगळा वाद 'नोंदणी' याच शब्दावर होता. ऑक्टोबर 1941 मध्ये, पर्ल हार्बरच्या दोन महिने आधी, संरक्षणासाठी खाजगी मालमत्ता ताब्यात घ्यायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा कायदा झाला. त्यातच तिथल्या संसदेने बजावून ठेवलं की, स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी बाळगलेल्या बंदुकांची नवी नोंदणी या कायद्याचा आधार घेऊन लादता येणार नाही. यादी हाती आली की घरोघर जाऊन बंदुका उचलणं सोपं, ही त्यामागची धास्ती. 'परवाना' लिहिताच ती धास्ती वाक्यातून निघून जाते.

खरी अडचण ब्रिटनची. 1870 चं 'गन लायसन्स' टपाल कचेरीत 10 शिलिंग भरले की मिळायचं. म्हणजे तो करच. 'परवाना' लिहिलात तरी हे एकदा सांगा. पहिल्या महायुद्धात सरकारने युद्धकाळापुरते कडक नियम केले. मग लढाईवरून परतलेली शस्त्रं आणि क्रांतीची भीती, या दोन्हींतून 1920 चा कायदा आला. त्यातलं 'सर्टिफिकेट' द्यायचं की नाही हे पोलीसप्रमुख ठरवत, आणि कोणतं हत्यार, किती काडतुसं हेही त्यावर लिहिलेलं असे. म्हणून तिथे 'शस्त्रपरवाना'च योग्य. 'प्रमाणपत्र' वाचून बंदूक तपासून दिलेला दाखला वाटतो.

जाता जाता, शक्य तिथे सरळ 'बंदूक' लिहा. 'हत्यारं' सुताराचीही असतात.

प्रश्न : आणि 'सरेंडर'? 1940 मध्ये जर्मनांनी व्याप्त फ्रान्समध्ये बंदुका आणून द्यायला लावल्या. 'जप्ती' म्हणू?

उत्तर : जप्तीत शिपाई दारात येतो. तिथे मालकानेच बंदूक नेऊन द्यायची होती, न दिल्यास मृत्युदंडाची धमकी होती. 'जमा करणे'ही टाळा. जमा केलेली वस्तू पावती दाखवून परत मिळते अशी आपली समजूत असते. 'बंदुका लष्कराच्या हवाली करण्याचा हुकूम' असं लिहा.