मदत हवी आहे : ऊसतोडीत सापडलेली रानमांजराची पिल्लं, आई परत नेईल का?

नमस्कार. जुन्नर तालुक्यातून लिहिते आहे. जरा घाई आहे, म्हणून सगळं एका दमात सांगते.

सोमवारी आमच्या कालव्याकडच्या उसाला तोड आली. टोळीतल्या एका बाईंना पाचट ओढताना तीन पिल्लं दिसली. "बिबट्या, बिबट्या" असा एकच ओरडा झाला आणि अर्ध्या तासात निम्मं गाव बांधावर उभं. कुणी फोटो काढतंय, कुणी पिल्लू उचलून छातीशी धरतंय. वस्तीवरची कुत्री मोकळी होती, म्हणून माझ्या दिरांनी तिन्ही पिल्लं पाटीत घालून घरी आणली. त्या वेळी तेच शहाणपणाचं वाटलं.

आज गुरुवार. एक पिल्लू काल पहाटे गेलं. आम्ही गाईचं दूध पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्याने पाजत होतो. मंगळवारी त्याला जुलाब लागले, रात्री पाजताना दूध नाकातून आलं, आणि सकाळी फडकं उघडलं तर ते गार पडलेलं. मुलगी तेव्हापासून जेवली नाही नीट. उरलेल्या दोघांपैकी एकाला आज सकाळपासून पातळ होतंय.

ही बिबट्याची नाहीत एवढं आता कळलंय. रंग मातकट पिवळा, अंगावर पुसट पट्टे, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वळी. कानांच्या टोकांवर बारीक काळे केस आहेत, उन्हात धरलं तरच दिसतात. डोळे नुकते उघडलेत. सासूबाई म्हणाल्या, हे बाऊल, रानमांजर.

आता माझं विचारणं. तीन रात्री झाल्या, आई अजून शोधत असेल का? माणसाचा हात लागला की ती घेत नाही असं सगळे सांगताहेत, ते खरं का? शेजारचे म्हणतात माळशेजच्या जंगलात सोडून या. एकांनी सांगितलं की आता फोन केलात तर तुमच्यावरच केस होईल. आणि मुलगी म्हणते, आपणच वाढवू. वन विभागाकडे दिली तर जन्मभर पिंजऱ्यात राहतील या भीतीने माझाही हात फोनकडे जात नाहीये. चुकलंय ते कळतंय. पुढे काय करू तेवढं सांगा.

माळरान :

ताई, आधी १९२६ लावा. वन विभागाची हेल्पलाइन आहे. बाकीचं नंतर वाचा.

फोन झाला असेल तर पुढचं. मी पशुवैद्यक आहे. गाईचं दूध आत्ता, या क्षणाला बंद. त्यातली साखर या पिल्लांना पचत नाही, त्यानेच जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. गेलेल्या पिल्लाच्या नाकातून दूध आलं म्हणता, म्हणजे ते फुफ्फुसातही गेलं असणार. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की हे होतं. मांजराचं पिल्लू आईला पितं ते पोटावर पडून, मान किंचित वर करून.

क्रम लक्षात ठेवा : आधी ऊब, मग पाणी, मग दूध, तेही गाईचं नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काहीही घालू नका, आतडी चालतच नसतात. बाटलीत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू सरकू शकेल. ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. या वयात आईने चाटल्याशिवाय त्यांना लघवी होत नाही, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून कितीतरी पिल्लं जातात. घरातलं मांजर आणि कुत्रं त्या खोलीत नको, त्यांचे आजार यांना लागतात. आणि कृपा करून आता हातात घेणं, फोटो, मुलांना दाखवणं सगळं थांबवा.

उसाचा बांध :

ताई, मी याच भागातला. पिल्लं परत आईकडे पोहोचवण्याच्या कामात वन विभागाबरोबर बऱ्याच रात्री जागलोय, बहुतेक वेळा बिबट्याची, काही वेळा रानमांजर आणि वाघाटीची (वाघाटी म्हणजे छोटं ठिपकेवालं जंगली मांजर).

हात लागला की आई टाकते, हे खरं नाही. तिला पिल्लाचा वास आणि आवाज ओळखीचा असतो, आपला वास त्याच्यावर चढला म्हणून ती ओळख जात नाही. तिला अडवते ती गर्दी, बॅटऱ्या आणि कुत्री. तीन रात्री म्हणजे उशीर झालाय, पण दार बंद झालेलं नाही. पिल्लं हरवलेली आई काही रात्री त्या जागेवर येत राहते. आता खरा प्रश्न एकच आहे, पिल्लं नेमकी जिथे सापडली ती जागा तुम्हाला दाखवता येईल का? शंभर पावलं इकडेतिकडे नाही, तीच सरी. टोळीतल्या त्या बाईंना विचारा. आणि तिथला उरलेला ऊस उभा असेल तर मुकादमाला सांगून आजच तोड थांबवा. आईला यायला आडोसा लागतो.

माळशेजला तर अजिबात नको. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू जंगलात सोडणं म्हणजे मारणंच. मोठं जनावरही उचलून लांब सोडलं की प्रश्न सुटत नाही, हे आपल्याच तालुक्याने फार महागात शिकलंय. २००१ ते २००३ या काळात इथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, आणि वर्षाला सरासरी चारच्या आसपास असलेले माणसांवरचे हल्ले सतराच्या आसपास गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अभ्यास केला आहे. जनावराचं घर आपण नकाशावर ठरवू शकत नाही. या पिल्लांचं घर तुमचा ऊस आहे.

केसबद्दल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३९ : वन्य प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत कळवायचं असतं. तुमची ती मुदत उलटली आहे, हे खरं. पण स्वतःहून फोन करणाऱ्या शेतकऱ्याला त्रास दिलेला मी तरी पाहिलेला नाही. लपवून ठेवलेलं उघडकीला आलं तर गोष्ट वेगळी.

आंबेगाव :

मुलीच्या "आपणच वाढवू"साठी लिहितो. कधी कुठे लिहिलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी मी असंच एक पिल्लू वाढवलं. गाईचं दूध सोसलं त्याला, नशीब. पुढे मऊ चिकन द्यायचो, हाडं काढून, प्रेमाने. चार महिन्यांचं झालं तेव्हा मागचे पाय वाकडे व्हायला लागले. नुसत्या मांसात कॅल्शियम फारसं नसतं, रानात ते उंदीर हाडांसकट खातं, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. पाय बऱ्यापैकी सुधारले. आठ महिन्यांचं झाल्यावर ओढ्याकाठी सोडलं, म्हटलं आता मोठं झालं. रानात साधारण सहाव्या महिन्यापासून ती शिकार करायला लागतात आणि आठ-नऊ महिन्यांची होईपर्यंत आईबरोबर असतात. ते सगळं शिकणं त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं. त्याला उंदीर धरता येत होता, पण कुत्र्याला भ्यायचं असतं हे माहीत नव्हतं, कारण आमच्या कुत्र्याच्या कुशीत झोपून ते वाढलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवर ते आपण होऊन कुत्र्यांजवळ गेलं.

वाढवणं जमतं हो. पण माणसाची भीती, कुत्र्याची भीती, हे आईशिवाय कोण शिकवणार? आईकडे नाहीच गेली, तर प्रशिक्षित लोकांकडे द्या. ते दोघांना एकत्र ठेवतात, माणूस कमीत कमी दिसेल असं बघतात, आणि सोडण्याआधी मोठ्या, झाडोऱ्याच्या बंदिस्त जागेत शिकार करता येते का ते तपासतात. जन्मभराचा पिंजरा हा त्यांचाही शेवटचा पर्याय असतो.

धागाकर्ती, शुक्रवार :

काल फोन केला. तासाभरात वनरक्षक आले, रागावले नाहीत. सरी त्या बाईंनी बरोबर दाखवली, बांधावरच्या बोरीपासून सातवी. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पाचट घालून पिल्लं संध्याकाळी ठेवली, समोर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप टिपणारा कॅमेरा. पण गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन बांधावर बसली, अकरा वाजता त्यांना हाकलावं लागलं. आई आली नाही. पहाटे पिल्लं घरी आणून ऊब दिली. पातळ होणाऱ्याला औषध सुरू केलंय. आज पुन्हा ठेवणार. ताईदादांनो, प्रार्थना करा.

धागाकर्ती, रविवार :

झालं. दोन्ही आईबरोबर गेली.

शुक्रवारी रात्री आम्ही वस्तीवरचे दिवेसुद्धा बंद केले, कुत्री बांधली. सकाळी वनरक्षकांनी त्यांच्या फोनवर दाखवलं. दोन वाजून दहा मिनिटांनी ती उसातून निघाली, क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग डोकं आत घातलं. पिल्लाला मानेला धरून उचललं आणि त्याचे मागचे पाय आपोआप पोटाशी गोळा झाले. आमच्या हातात तेच पिल्लू चार दिवस नुसतं वळवळत होतं. वीस मिनिटांनी ती परत आली, दुसरं उचललं, दोन पावलं गेली, खाली ठेवलं, हुंगलं आणि निघून गेली. ते बघताना मला उभं राहवेना. ते आजारी होतं तेच.

शनिवारी दिवसभर डॉक्टरांनी त्याला सलाइन, औषध दिलं, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच सरीत ठेवलं. माळरान म्हणाले होते तसं शेवटपर्यंत ऊब दिली, क्रेटमध्ये गरम पाण्याची बाटली ठेवूनच. पावणेनऊला नेलं तिने. या वेळी खाली ठेवलं नाही.

गेलेल्या पिल्लाला मुलीने बोरीखाली पुरलंय. तिला कॅमेऱ्यातला तो तुकडा दाखवला, मग जेवली.

आता एकच विचारायचं आहे. त्या बाजूच्या नऊ सऱ्या अजून उभ्या आहेत. टोळी पुढच्या गावाला जायची घाई करतेय, मुकादम रोज विचारतो. ऊस किती दिवस ठेवू?

उसाचा बांध :

ती पिल्लं तिथेच ठेवेल असं नाही, एवढी गडबड झाल्यावर बहुतेक दोन-चार दिवसांत जागा बदलेल. तरी आठवडाभर हात लावू नका. त्यानंतर तोडताना रस्त्याच्या बाजूने सुरुवात करा आणि ओढ्याकडे तोडत जा, म्हणजे तिला निघायला वाट राहील. पाचट पेटवू नका. मुकादम ऐकत नसेल तर वनरक्षकांना फोन करून त्यांच्याशी बोलणं करून द्या, ते समजावतात.

धागाकर्ती :

मुकादमांशी बोलले. पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले. ती सरी दाखवणारी बाई त्यांचीच भावजय निघाली, तिनेच भीड घातली.