दुकान बहिणींचे, धंदा कॅमेऱ्याचा? ‘डॅश’ आणि कार्दाशियन भगिनींच्या स्पिन-ऑफ मालिका

चर्चाप्रस्ताव: जमाखर्च (टोपणनाव)

किम, कोर्टनी आणि ख्लोई या तीन कार्दाशियन बहिणींनी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलाबासास येथे ‘डॅश’ नावाचे तयार कपड्यांचे दुकान काढले. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘ई!’ या अमेरिकी वाहिनीवर ‘कीपिंग अप विथ द कार्दाशियन्स’ ही या कुटुंबाचे रोजचे जगणे दाखवणारी मालिका सुरू झाली आणि त्या दुकानाचे भाग्य पालटले. २००९ मध्ये मायामीच्या साउथ बीच भागात शाखा निघाली आणि त्याच उन्हाळ्यात ‘कोर्टनी अँड ख्लोई टेक मायामी’ ही नवी मालिकाही आली. २०१० च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सोहो भागात तिसरे दुकान उघडले आणि जानेवारी २०११ मध्ये ‘कोर्टनी अँड किम टेक न्यूयॉर्क’ पडद्यावर आली. एप्रिल २०१८ मध्ये मात्र उरलेली दुकाने बंद करत असल्याचे किमने जाहीर केले. प्रत्येकीचा स्वतंत्र व्यवसाय आणि मुलेबाळे यांमुळे आता पुढे जाण्याची वेळ आली आहे, असे कारण तिने दिले.

माझे म्हणणे असे आहे की या स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ मालिकेतून फुटून निघालेल्या, मालिका व्यवसायाविषयी कधीच नव्हत्या. बहिणींना नव्या शहरात नेऊन बसवायला काहीतरी निमित्त हवे होते आणि दुकानाइतके सोयीचे निमित्त दुसरे नव्हते. मायामीच्या पहिल्या पर्वात कथानक कशाभोवती फिरते ते पाहा: कोर्टनीला दिवस गेल्याचे कळते, तिच्या जोडीदाराशी तिचे बिनसते आणि जुळते, ख्लोई तिथल्या रेडिओ केंद्रावर रात्रीचा कार्यक्रम करते. माल कोणाकडून घेतला, कोणत्या भावाने घेतला, किती पडून राहिला, जागेचे भाडे निघाले की नाही, यांपैकी काहीही प्रेक्षकाच्या लक्षात राहील अशा रीतीने समोर येत नाही.

न्यूयॉर्कच्या दुसऱ्या पर्वाने तर कळस केला. किमचे ऑगस्ट २०११ मधील लग्न ७२ दिवसांत घटस्फोटाच्या अर्जापर्यंत पोहोचले होते आणि त्या नवदांपत्याच्या कुरबुरी दाखवणारे पर्व त्यानंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, सुरू झाले. प्रेक्षक मोडलेल्या लग्नाची पडझड पाहायला बसला होता. सोहोच्या दुकानात किती गिऱ्हाईक आले याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. तरीही ‘बहिणींनी मिळून उभारलेला व्यवसाय’ ही प्रतिमा या मालिकांनी पक्की केली, आणि माझा आक्षेप त्या प्रतिमेवर आहे.

प्रतिसाद: दूरदर्शी

आपण मालिकेकडून ताळेबंदाची अपेक्षा करत आहात, आणि तशी मालिका आपण स्वतःही दुसऱ्या भागापलीकडे पाहिली नसती. वास्तवदर्शी म्हणवणाऱ्या मालिकांची घडण निराळी असते. कार्दाशियन मालिकेच्या निर्मात्यांपैकी ‘बनिम/मरे’ ही संस्था ‘द रिअल वर्ल्ड’ या कार्यक्रमामुळे १९९२ पासून हेच काम करत आली होती: काही माणसांना एका छताखाली आणायचे, त्यांना एकत्र राहण्याचे कारण द्यायचे आणि मग त्यांच्यात काय घडते ते टिपायचे.

मुख्य मुद्दा असा की या बहिणींचा व्यवसाय कपड्यांचा नव्हता हे आपले निरीक्षण मला मान्य आहे, पण त्यावरून त्यांचा व्यवसायच नव्हता हा निष्कर्ष निघत नाही. लोकांचे लक्ष हेच त्यांचे भांडवल होते. अर्ध्या तासाची जाहिरात करायची, तीही आठवड्यामागून आठवडा, आणि त्यासाठी वाहिनीला पैसे देण्याऐवजी वाहिनीकडूनच मानधन घ्यायचे, हा सौदा जगातल्या कोणत्या दुकानदाराने नाकारला असता? ‘डॅश’ बंद पडले, पण तिथे जमवलेल्या ओळखीवर ख्लोईचे ‘गुड अमेरिकन’ हे जीन्सचे ब्रँड २०१६ मध्ये उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी दहा लाख डॉलरची विक्री झाल्याचे कंपनीने सांगितले. किमचे ‘स्किम्स’ हे अंतर्वस्त्रांचे ब्रँड २०१९ मध्ये आले आणि २०२३ मध्ये गुंतवणूकदारांनी त्याचे मूल्य चार अब्ज डॉलर धरले. याला निमित्त म्हणायचे असेल तर असे निमित्त प्रत्येक उद्योजकाला मिळो.

प्रतिसाद: गल्ल्यावरची

माझ्या सासरी तयार कपड्यांचे दुकान आहे आणि दिवसाचे आठ-नऊ तास मी गल्ल्यावर बसते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे थोडे ऐकवते. दुकानात गर्दी होणे आणि माल खपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानाच्या दारात उभे राहून फोटो काढायला आलेला माणूस आत येऊन एखादी किल्ल्यांची साखळी घेईल, पण त्याने महागातला ड्रेस घेतला नाही तर त्या जागेचे भाडे कशातून भरायचे? लांबून आलेला पर्यटक एकदाच येतो. दुकान चालते ते दिवाळीला आलेले घर लग्नसराईत पुन्हा आले म्हणजे, आणि त्या घराला विक्रेत्या मुलीचा हात ओळखीचा झाला म्हणजे.

आता जमाखर्च यांना सांगायचे ते हे, की घरच्या माणसांच्या धंद्यात नाट्य नसते असे मानू नका. ट्रायल रूममधून लिपस्टिकचा डाग पडून आलेला पांढरा कुर्ता कोणाच्या खात्यावर टाकायचा, डाग आधी कोणाच्या नजरेस पडायला हवा होता, आणि तो कुर्ता सेलमध्ये काढायचा की धुऊन पुन्हा घडी घालून ठेवायचा, यावरून आमच्याकडे सासूबाई आणि चुलत सासरे यांच्यात आठवडाभर अबोला होता. तीन बहिणींच्या दुकानात अशी भांडणे झालीच नसतील, हे मला पटत नाही. ती दाखवली असती तर मी डोळे लावून बसले असते. कॅमेरा घेऊन आलेल्यांना दुकानातले नाट्य ओळखता आले नाही, म्हणून त्यांनी प्रियकरांची भांडणे दाखवली.

प्रतिसाद: सुतावरून स्वर्ग

‘डॅश डॉल्स’ कोणी पाहिली आहे का? २०१५ मध्ये आलेली आणि एकाच पर्वात आटोपलेली ही मालिका लॉस एंजेलिसच्या दुकानात काम करणाऱ्या तरुण मुलींवर होती. बहिणी तोवर इतक्या मोठ्या झाल्या होत्या की दुकानात उभे राहायला त्यांना सवड नव्हती, मग नोकरवर्गालाच पात्रे केले. माझ्या मते सगळ्या स्पिन-ऑफ मालिकांमध्ये ही सर्वांत बोलकी आहे. जिला पगार कपड्यांच्या घड्या घालण्यासाठी आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यासाठी मिळतो, तिची मैत्री, तिचे रुसवेफुगवे आणि तिचे प्रेमभंग हेही आता दुकानाच्या मालात जमा झाले. सहकारी मुलीशी भांडल्यास कामावरून काढले जाण्याची भीती एरवी असते. इथे भांडण झाले नाही तर आपण दिसणार नाही, ही भीती. वरच्या प्रतिसादात विक्रेत्या मुलीचा हात ओळखीचा होण्याविषयी लिहिले आहे. या मालिकेतल्या मुलींना गिऱ्हाईक ओळखत होते, पण ते त्यांच्या विक्रीकौशल्यासाठी नव्हे.

दूरदर्शी यांना विचारावेसे वाटते, की लक्ष हे भांडवल असेल तर या मुलींनी घातलेल्या भांडवलाचा हिस्सा कोणाच्या पदरात पडला?

प्रतिसाद: दूरदर्शी

त्या मुलींनी करार केला, त्यांनाही चेहरा मिळाला. पुढे त्याचे काय करायचे हे ज्याच्या त्याच्या हाती. आपला प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्यातला विषमतेचा भाग मी नाकारत नाही. मात्र तो प्रश्न दूरचित्रवाणीच्या सगळ्याच उद्योगाला विचारायला हवा. एका कुटुंबाच्या दारात तो मांडून भागणार नाही.

प्रतिसाद: खरेखोटे

भांडवल, हिंमत, कष्ट हे शब्द इथे जरा सैल वापरले जात आहेत. धाकटी सावत्र बहीण कायली जेनर हिचे उदाहरण घ्या. २०१५ च्या अखेरीस तिने ओठांच्या रंगाचे संच विकायला काढले आणि पहिली खेप काही मिनिटांत संपली. उत्पादन दुसऱ्या कंपनीचे, ऑनलाइन दुकान ‘शॉपिफाय’चे, पैशांचा आणि प्रसिद्धीचा व्यवहार आईकडे, आणि कायलीकडे तिचे समाजमाध्यमांवरचे अनुयायी. ‘फोर्ब्स’ मासिकाने मार्च २०१९ मध्ये तिला स्वकर्तृत्वाने अब्जाधीश झालेली सर्वांत तरुण व्यक्ती ठरवले. त्याच वर्षी ‘कोटी’ (Coty) या सौंदर्यप्रसाधन कंपनीने कायलीच्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा ६० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला, आणि त्या व्यवहारातून बाहेर आलेले आकडे पाहून मे २०२० मध्ये ‘फोर्ब्स’लाच ते बिरूद मागे घ्यावे लागले. साठ कोटी ही रक्कम खोटी नव्हती, हे खरे. पण भोवती उभी केलेली कथा मात्र फुगवलेली होती, आणि ती कथा पसरवण्याचे प्रशिक्षण या घराने स्पिन-ऑफ मालिकांतच घेतले.

उत्पादन बाहेरून करून घेण्यात गैर काही नाही. तिरुपूरमध्ये शिवलेला माल जगभरच्या नाममुद्रांखाली विकला जातोच. गैर आहे ते फक्त ‘स्वकर्तृत्वाने’ म्हणणे.

प्रतिसाद: जमाखर्च

खरेखोटे यांनी माझ्या मनातले नेमके लिहिले. त्यात एका प्रसंगाची भर घालतो. नोव्हेंबर २०१० मध्ये, म्हणजे सोहोचे दुकान उघडत होते त्याच सुमारास, या तिघी बहिणींच्या छायाचित्राचे ‘कार्दाशियन कार्ड’ नावाचे प्रीपेड कार्ड बाजारात आले. बारा महिन्यांसाठी ९९ डॉलर ९५ सेंट असे शुल्क, त्यावर व्यवहारागणिक इतर आकार, आणि लक्ष्य किशोरवयीन चाहते. कनेक्टिकट राज्याचे तत्कालीन महाधिवक्ता रिचर्ड ब्लूमेन्थल यांनी जाहीर हरकत घेतली आणि महिनाही होण्याआधी बहिणींनी त्यातून अंग काढून घेतले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये एका क्रिप्टो चलनाची जाहिरात करताना आपल्याला त्याचे पैसे मिळाले हे न सांगितल्याबद्दल किमला अमेरिकी रोखे नियामकाशी १२ लाख ६० हजार डॉलरची तडजोड करावी लागली.

ही दोन्ही प्रकरणे त्याच सवयीतून येतात. दुकानात माल चुकीचा निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन उभे राहते. चेहरा विकणाऱ्याला तसे काउंटर नसते, त्याच्यापर्यंत सरकारी वकीलच पोहोचावा लागतो.

प्रतिसाद: गल्ल्यावरची

एक राहूनच गेले. जुलै २०२४ मध्ये किम आणि ख्लोई अंबानींच्या लग्नासाठी मुंबईला आल्या, रिक्षात बसल्या आणि कॅमेरे सोबत होतेच. तो भाग २०२५ मध्ये ‘हुलू’ या ऑनलाइन व्हिडिओ सेवेवरच्या त्यांच्या नव्या मालिकेत दाखवला गेला. गणेशमूर्तीला टेकून काढलेले छायाचित्र टीका झाल्यावर काढून टाकावे लागले, ते निराळे. यजमानांच्या मांडवात पाहुणी बाई आपल्या मालिकेचे चित्रीकरण उरकून गेली, या कसबाला मात्र धंदेवाली म्हणून मी दाद देते.

प्रतिसाद: खरेखोटे

मग दूरदर्शी यांच्यासाठी एक शेवटची बाब. ‘स्किम्स’ने आधी काही वर्षे इंटरनेटवर आणि मोठ्या दालनांमधून विक्री केली, कोणता माल कोणत्या मापात खपतो हे पाहिले, आणि स्वतःची कायमची दुकाने २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून सुरू केली, वर्षाअखेर न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर मोठे दुकान उघडले. गिऱ्हाईक आधी आणि दुकान नंतर, हा क्रम ‘डॅश’च्या अगदी उलटा आहे. या वेळी दुकानासाठी वेगळी स्पिन-ऑफ मालिका काढावी असे कोणाला वाटले नाही, कारण किमच्या जोडीला येन्स ग्रीड यांच्यासारखा कपड्यांच्या धंद्यातला जाणकार भागीदार होता.

प्रतिसाद: दूरदर्शी

ग्रीड यांचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. पण किम अंगात काय घालते याविषयी जगभरच्या बायकांना उत्सुकता वाटावी, ही गोष्ट त्यांनी निर्माण केलेली नाही. ती २००७ ते २०२१ या काळातल्या वीस पर्वांनी आणि त्यांच्या मध्ये आलेल्या मायामी-न्यूयॉर्कच्या त्या पोकळ म्हटल्या गेलेल्या मालिकांनी केली, आणि हे गृहीत धरूनच ग्रीड यांनी किमबरोबर भागीदारी केली.