मदत हवी आहे: चहूबाजूंनी साधा मका, मध्ये स्वीटकॉर्न जमेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही येवल्याकडचे. खरिपात इथे बांधापलीकडे बघावं तिकडे दाण्याचा मकाच. यंदा एक एकर स्वीटकॉर्न करायचा विचार आहे, पण घोडं अडलंय परागापाशी. शेजारच्या तुऱ्याचा पराग आपल्या कणसाच्या केसांवर पडला की दाणा पिठूळ होतो, गोडी जाते. मध्ये निदान २५० मीटर सोडा म्हणतात. आमचं सगळं रान मिळून तेवढं लांब नाही! मग पेरणी २-३ आठवडे मागेपुढे करून भागतं का? प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा.

दुसरं विक्रीचं. केस सुटल्यापासून साधारण २० दिवसांत तोडणी. नखाने दाणा दाबला की दूध निघायला हवं. त्यानंतर साध्या मक्यासारखा वाळवून भावाची वाट बघायची सोय नाही. एक व्यापारी दर तोंडी सांगतोय, कागदावर द्यायला मात्र का कू करतोय. म्हणून वाशीच्या बाजार समितीत माल धाडणाऱ्यांना विचारतो: पाल्यासकट गोणीत भरता की क्रेटमध्ये? संध्याकाळी तोडून रात्रीची गाडी धरली तर सकाळपर्यंत गोडी टिकते?

लष्करी अळी पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) शिरणारच, ते धरून चाललोय. हे कणीस लोक कोवळंच खातात, तर शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस ठेवता?

तोडणीनंतरची हिरवी ताटं गाईंच्या मुरघासाला (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याला) जातील. खरं तर घरच्यांचा होकार त्यावरच मिळालाय.